देवनागरीची संगणकीय आंतरपृष्ठे : व्युत्क्रम अभियांत्रिकी व परवाने

देवनागरी मजकूर साठविणारा कार्यक्रम, त्यातील अक्षरांची रूपे पुरविणारा टंक म्हणजे फाँट आणि ह्या दोहोंना जोडणारी अक्षररचना-यंत्रणा हे तीन घटक बहुधा तीन वेगवेगळ्या ठिकाणी तयार होतात. ते एकमेकांशी ज्या ठरीव नियमांनी जोडले जातात, त्या नियमांच्या संचास आंतरपृष्ठ म्हणतात. नियम प्रसिद्ध असतील, तर कोणालाही नवा टंक किंवा नवा कार्यक्रम तयार करून जुन्याला जोडता येतो. ते गुप्त असतील किंवा परवान्याने बांधलेले असतील, तर तयार वस्तूच्या वर्तनाचे बाहेरून निरीक्षण करून त्यांचा उलगडा करावा लागतो. ह्या पद्धतीस रिव्हर्स एंजिनिअरिंग म्हणजेच व्युत्क्रम अभियांत्रिकी असे नाव आहे. ध्वनिसंस्करणाच्या क्षेत्रात मुख्य कार्यक्रमाला जोडावयाच्या पूरक घटकांबाबत हा प्रश्न विशेष गाजला. मराठी भाषकांच्या वाट्याला तो देवनागरी टंकांच्या रूपाने आला. मराठी मजकूर ज्या पद्धतीने साठविला गेला, त्या पद्धतीवर कोणाचा अधिकार असावा, हा त्याचा गाभा होय.

पूर्वपीठिका : दुसऱ्याचे साधन पाहून त्याचे रहस्य उकलण्याची परंपरा मराठी मुद्रणाला नवी नाही. मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील शिळामुद्रण पाहून गणपत कृष्णाजी ह्यांनी स्वतःचे यंत्र उभारले, शाई बनविली आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. पुढे त्यांनी खिळेही पाडले. ह्याच मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथून ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केले. शिशाच्या खिळ्यांच्या त्या काळात आंतरपृष्ठाचा प्रश्न कारखान्यापुरता मर्यादित होता. खिळा कोणत्याही ओतशाळेतून आलेला असो, एकदा कागदावर उमटलेले अक्षर कोणासही वाचता येई. छापलेला मजकूर वाचण्यासाठी त्या ओतशाळेचा खिळा वाचकाजवळ असावा लागत नसे. संगणकामुळे ही परिस्थिती पालटली.

आरंभीचे देवनागरी संगणकन : आयआयटी कानपूर येथे १९८० नंतरच्या दशकात देवनागरीसाठी झालेल्या संशोधनातून जिस्ट हे तंत्रज्ञान विकसित झाले. १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजे सी-डॅकने ते पुढे नेले. भारतीय लिप्यांसाठी समान संकेतन ठरविण्याच्या प्रयत्नांतून इस्की ही पद्धती तयार झाली व १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ ह्या क्रमांकाने मानक म्हणून प्रसिद्ध केली. ह्याच मानकात इन्स्क्रिप्ट ह्या कळफलकाचाही समावेश आहे. इस्कीत प्रत्येक अंकमूल्य एका वर्णाचे किंवा स्वरचिन्हाचे निदर्शक असते आणि मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठविला जातो. त्यामुळे ‘कि’ लिहिताना वेलांटी कागदावर आधी दिसत असली, तरी संचिकेत ‘क’ आधी व वेलांटी नंतर येते. वर्ण कसा दिसावा हे ठरविण्याचे काम त्यानंतरचे व वेगळे मानले आहे. पुढील सर्व इतिहास ह्या भेदाभोवती फिरतो.

रूपसंकेती टंक : छपाईच्या व्यवसायात मात्र वेगळीच पद्धत रूढ झाली. पानांची मांडणी करण्याचे परदेशी कार्यक्रम फक्त रोमन लिपी जाणत असत. त्यांत देवनागरी आणण्यासाठी टंकनिर्मात्यांनी रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविले. काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे व काही जोडाक्षरे ह्यांना एकेक जागा मिळाली. कार्यक्रमाला तो मजकूर रोमनच वाटे. पडद्यावर व कागदावर मात्र देवनागरी उमटे. उदा., कृतिदेव ह्या टंकात ‘भारत’ हा शब्द एच, के, के, जे, आर ह्या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने साठविला जातो. त्यांपैकी एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. पहिल्या कान्याने भ पूर्ण होतो व दुसऱ्याने ‘भा’ तयार होतो. येथे संचिकेत वर्ण नसून केवळ त्यांची रूपे असतात.

ही युक्ती त्या काळच्या साधनांत उपयुक्त होती व तिच्यामुळे मराठी वृत्तपत्रे आणि ग्रंथ ह्यांची संगणकीय जुळणी शक्य झाली. परंतु प्रत्येक निर्मात्याने तुकड्यांची वाटणी आपापल्या परीने केली. सी-डॅकने आपल्या टंकांसाठी इस्फॉक ही चिन्हमांडणी वापरली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी व बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती ह्या संचांच्या मांडण्या वेगळ्या होत्या. परिणामी एका टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्या टंकात निरर्थक दिसे आणि टंक नसलेल्या संगणकावर तर रोमन चिन्हांची रांगच उमटे. मजकूर लेखकाचा, संचिका मुद्रकाची, परंतु ती वाचण्याची किल्ली टंक विकणाऱ्याकडे, अशी स्थिती निर्माण झाली.

तिचे गांभीर्य एका जुन्या उदाहरणावरून ध्यानात येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. हस्तलिखित नकलांतून तिच्या पाठात दोष शिरले, तरी सुमारे तीनशे वर्षांनंतर १५८४ मध्ये एकनाथांना तिची पाठशुद्धी करता आली. कारण नकला सदोष असल्या, तरी त्यांची लिपी वाचता येत होती. रूपसंकेतात साठविलेल्या संचिकेचे तसे नाही. टंक नाहीसा झाल्यास निर्दोष संचिकाही वाचता येत नाही. तिच्यातील शब्दांचा शोध घेणे, त्यांचा अकारविल्हे क्रम लावणे किंवा दोन प्रतींची तुलना करणे ही कामे तर टंक असूनही नेहमीच्या साधनांनी होत नाहीत.

रूपसंकेतांची उकल : ही अडचण दूर करण्यासाठी परिवर्तक कार्यक्रम लिहिले गेले. त्यांची रीत पुढीलप्रमाणे असते. प्रथम टंकातील प्रत्येक जागेवर कोणते रूप आहे ह्याचे कोष्टक तयार करतात. त्यानंतर रूपांवरून वर्ण ठरविण्याचे नियम लिहितात. वेलांटी तिच्यापुढील संपूर्ण जोडाक्षराच्या मागे न्यावी लागते. रफार जोडाक्षरानंतर साठविलेला असतो. त्याचा र उच्चारात आधी येत असल्याने तो पुढे आणावा लागतो. अर्ध्या अक्षरापुढे काना आला तर पूर्ण अक्षर मानावे लागते. शेवटी मोठ्या मजकुरावर चाचणी घेऊन अपवाद नोंदवितात. अशा परिवर्तकांपैकी अनेक स्वयंसेवकांनी लिहून विनामूल्य उपलब्ध केले. मोझिला न्यासाच्या फायरफॉक्स ह्या न्याहाळकासाठी तयार झालेला पद्म हा मुक्त पूरक घटक वृत्तपत्रांची रूपसंकेती संकेतस्थळे वाचतानाच युनिकोडमध्ये बदलून दाखवीत असे.

ह्या कामात टंकाची नक्कल करण्याचा हेतू नव्हता. अक्षरांचे वळण हे टंककाराचे कलात्मक कार्य होय. कोणत्या जागी कोणता तुकडा आहे ही मात्र केवळ माहिती होय. परिवर्तकाला दुसऱ्या प्रकारची माहिती पुरेशी असते. हा भेद पुढे विधीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरला.

युनिकोड व ओपनटाइप : जगातील सर्व लिप्यांना एकाच संकेतनात सामावून घेणाऱ्या युनिकोड मानकाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तीत देवनागरीला १२८ जागांचा विभाग मिळाला व त्याची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती. युनिकोडमध्ये वर्ण साठविले जातात. त्यामुळे वर्णांना रूप देण्याचे काम टंक व रचनायंत्रणा ह्यांच्याकडे आले. मायक्रोसॉफ्ट व ॲडोबी ह्यांनी विकसित केलेल्या ओपनटाइप ह्या टंकरचनेत जोडाक्षरे, अर्धी रूपे, रफार इत्यादींची कोष्टके टंकातच असतात. ती कोणत्या क्रमाने वापरावयाची हे मात्र रचनायंत्रणा ठरविते. विंडोज २००० ह्या प्रणालीबरोबर युनिस्क्राइब ही रचनायंत्रणा व मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी ह्यांनी घडविलेला मंगल हा देवनागरी टंक आला.

टंक हा येथे जोडावयाचा घटक व रचनायंत्रणा हा त्याचा यजमान कार्यक्रम ठरतो. ओपनटाइपची रचना प्रसिद्ध होती व २००७ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानकही झाली. परंतु देवनागरीसारख्या लिप्यांबाबत युनिस्क्राइब नेमके काय करते, ह्याचे सर्व बारकावे प्रसिद्ध वर्णनात आलेले नव्हते आणि त्या कार्यक्रमाची मूळ संहिता खुली नव्हती. टंककार आपला टंक युनिस्क्राइबवर तपासून घेत. त्यामुळे त्या यंत्रणेचे प्रत्यक्ष वर्तन हेच अलिखित मानक बनले. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पँगो, क्यूटी व आयसीयू ह्यांच्या स्वतंत्र रचनायंत्रणा होत्या आणि एकच टंक त्यांत वेगवेगळ्या रीतीने वागे.

मराठीपुरता ह्यातील एक मुद्दा लक्षणीय आहे. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ ह्या शब्दांत र व य ह्यांचा जोड दोन प्रकारांनी लिहिला जातो. पहिल्यात रफार येतो, दुसऱ्यात आडव्या रेषेसारखा अर्धा र येतो आणि त्यानुसार अर्थ गुरूवरून स्वयंपाक्याकडे जातो. युनिकोडने दुसऱ्या रूपासाठी ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण वापरण्याची व अदृश्य जोडचिन्ह वापरण्याची अशा दोन्ही रीती मान्य केल्या आहेत. रचनायंत्रणेला त्यांपैकी एखादी कळली नाही, तर शब्द चुकीचा उमटतो. आंतरपृष्ठातील लहानशी उणीव भाषेतील अर्थभेदापर्यंत कशी पोहोचते, ह्याचे हे उदाहरण आहे.

हार्फबझ : मुक्त रचनायंत्रणांतील ही विसंगती हार्फबझ ह्या प्रकल्पाने दूर केली. बेहदाद एस्फाहबोद हे त्याचे प्रमुख विकासक होत. भारतीय लिप्यांसाठीचा त्यातील भाग मुख्यतः २०११ व २०१२ ह्या वर्षांत लिहिला गेला. त्यासाठी युनिस्क्राइबची संहिता फोडण्यात आली नाही. विकिपीडियावरून जमविलेल्या शब्दांच्या याद्या एकाच टंकासह युनिस्क्राइब व हार्फबझ ह्या दोन्ही यंत्रणांना देऊन त्यांचे निष्कर्ष ताडून पाहण्यात आले. देवनागरीच्या यादीत सात लाखांहून अधिक शब्द होते. जेथे फरक दिसे तेथे नियम सुधारला जाई व सर्व शब्दांची पुन्हा चाचणी होई. ह्या प्रक्रियेत विसंगती अत्यल्प उरल्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला होता. विकिपीडियावर स्वयंसेवकांनी लिहिलेला मजकूर अशा रीतीने लिपीच्या यंत्रणेची कसोटी म्हणूनही उपयोगी पडला.

हार्फबझचा परवाना एमआयटी प्रकारचा, म्हणजे मालकी हक्काच्या कार्यक्रमांतही वापर करू देणारा आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड व लिबरऑफिस ह्यांनी तो स्वीकारला आणि पुढे ॲडोबीच्या कार्यक्रमांतही त्याचा वापर होऊ लागला. अनेक दूरध्वनिसंचांच्या पडद्यांवर दिसणारा मराठी मजकूर आज ह्याच यंत्रणेतून जातो.

ध्वनिक्षेत्रातील समांतर इतिहास : यजमान कार्यक्रम व जोडावयाचा घटक ह्यांचे असेच नाते संगीताच्या ध्वनिमुद्रणात आढळते. हँबर्गच्या स्टाइनबर्ग ह्या कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हे आंतरपृष्ठ आणले. प्रतिध्वनी, स्वरनियमन, वाद्यांचे आवाज इत्यादी घटक त्याद्वारे कोणत्याही यजमान कार्यक्रमाला जोडता येऊ लागले. त्याच्या विकाससंचातील शीर्षसंचिका विनामूल्य मिळत. परंतु त्या इतरांना वितरित करण्याची मुभा नव्हती. जीपीएल ह्या परवान्याखालील कार्यक्रमाला मात्र आपली सर्व संहिता त्याच अटींवर द्यावी लागते. त्यामुळे दोन परवान्यांचा मेळ बसेना. एलएमएमएस ह्या मुक्त कार्यक्रमासाठी २००६ मध्ये व्हेस्टिज ही स्वतंत्र शीर्षसंचिका तयार करण्यात आली. मूळ विकाससंच न वापरता, केवळ घटक व यजमान ह्यांच्या परस्परव्यवहारावरून ती लिहिलेली होती. आर्डर ह्या कार्यक्रमानेही पुढे तिचा उपयोग केला.

ह्याबरोबरच पहिल्यापासूनच खुली असलेली आंतरपृष्ठे तयार करण्याचा मार्गही चोखाळला गेला. त्यांत लॅड्स्पा (२०००), एलव्ही२ (२००८) व क्लॅप (२०२२) ह्यांचा अंतर्भाव होतो. स्टाइनबर्गने व्हीएसटीच्या तिसऱ्या आवृत्तीला २०१७ मध्ये जीपीएलचा पर्याय दिला, २०१८ मध्ये दुसऱ्या आवृत्तीचे नवे परवाने देणे थांबविले आणि २०२५ मध्ये तिसरी आवृत्ती एमआयटी परवान्याखाली आणली. दुसऱ्या आवृत्तीचे नवे परवाने थांबल्यावर बाहेरून उकललेल्या आंतरपृष्ठाचे महत्त्व अधिक स्पष्ट झाले. मालकाने दार बंद केल्यावरही आधीची कामे उघडता येण्याचा तो एक मार्ग उरला.

विधी : अशा उकलीस कायद्याची मान्यता किती, हा प्रश्न अनेक देशांत उपस्थित झाला. यूरोपीय समुदायाच्या १९९१ च्या निर्देशाने परस्परसुसंगतीसाठी आवश्यक तेवढी उकल मान्य केली. अमेरिकेत सेगा विरुद्ध ॲकोलेड (१९९२) ह्या खटल्यात अपील न्यायालयाने सुसंगतीसाठी केलेली उकल न्याय्य वापरात मोडते असा निर्णय दिला. गूगल विरुद्ध ओरॅकल (२०२१) ह्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने जावा भाषेच्या आंतरपृष्ठातील घोषणांचा गूगलने केलेला वापर न्याय्य ठरविला.

भारतात प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ ह्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने ह्याविषयीची तरतूद झाली व ती १५ जानेवारी २००० पासून अंमलात आली. तीनुसार संगणक कार्यक्रम कायदेशीरपणे जवळ असणाऱ्या व्यक्तीस, स्वतंत्रपणे तयार केलेल्या दुसऱ्या कार्यक्रमाशी त्याची सुसंगती साधण्यास अत्यावश्यक असलेली माहिती मिळविण्यासाठी आवश्यक ती कृती करता येते. मात्र ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. कार्यक्रम ज्या कामासाठी दिला आहे ते काम करताना त्याचे निरीक्षण, अभ्यास किंवा चाचणी करून त्यामागील कल्पना व तत्त्वे जाणून घेणे हेही उल्लंघन ठरत नाही. ह्या मुभेमुळे मूळ संहितेची किंवा टंकातील आकारांची प्रत वाटण्याचा अधिकार मात्र मिळत नाही.

परवाने : उकलीने माहिती मिळते; टिकाऊ उपाय परवान्यानेच होतो. सायबरस्केपने २००३ मध्ये आकृती संचातील नऊ भारतीय लिप्यांचे रूपसंकेती टंक जीपीएलखाली मुक्त केले. मुंबईच्या इंडिकट्रान्स ह्या गटाने गार्गी हा देवनागरीचा मुक्त ओपनटाइप टंक तयार केला. रेड हॅट ह्या कंपनीने २००४ मध्ये लोहित ही टंकमालिका जीपीएलखाली दिली व तिच्या पुढील देखभालीचे बरेचसे काम पुण्यात झाले. जीपीएल हा मुळात कार्यक्रमांसाठी लिहिलेला परवाना असल्याने, टंक अंतर्भूत केलेल्या दस्तऐवजालाही त्याच्या अटी लागू होतात काय, अशी शंका उद्भवली. केवळ टंकांसाठी असलेल्या एसआयएल ओपन फाँट परवान्याने (आवृत्ती १·१, २००७) ती दूर केली. त्यानुसार टंक वापरणे, बदलणे व वाटणे मुक्त आहे. फक्त तो एकटाच विकता येत नाही आणि बदललेल्या टंकास मूळ राखीव नाव देता येत नाही. लोहित मालिकेने २०११ मध्ये हा परवाना स्वीकारला. मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा मुक्त व आयआयटी मुंबईचा शोभिका हे टंकही त्याच परवान्याखाली उपलब्ध आहेत.

परिणाम व मर्यादा : केंद्र शासनाने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरविले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला व लेखन ह्यांविषयी निर्णय काढून ल व श ह्यांची मराठी वळणे प्रमाण मानली. तथापि केवळ आदेशाने छपाईचा व्यवसाय बदलला नाही. ॲडोबीच्या इनडिझाइन ह्या मांडणी कार्यक्रमात भारतीय लिप्यांची सोय २०१२ मध्ये आली. तोपर्यंत मुद्रकांना रूपसंकेती टंकांवाचून गत्यंतर नव्हते आणि त्यानंतरही जुन्या संचिकांमुळे ते वापरात राहिले. नियतकालिके, स्मरणिका व स्थानिक इतिहासाची पुस्तके ह्यांच्या गेल्या काही दशकांतील संचिका आजही रूपसंकेतांत आढळतात. प्रत्येक टंकाचे कोष्टक जपून ठेवले, तरच त्या पुढील पिढीला वाचता येतील.

देवनागरीच्या ह्या इतिहासात व्युत्क्रम अभियांत्रिकीने दोन कामे केली : बंद टंकांत अडकलेला जुना मजकूर सोडविला आणि अलिखित राहिलेल्या रचनानियमांना खुल्या संहितेचे रूप दिले. पहिले काम टंकागणिक पुन्हा करावे लागते. दुसरे एकदाच झाले व मुक्त परवान्यामुळे सर्वांचे झाले. लिपीची आंतरपृष्ठे आरंभापासूनच खुली ठेवण्याचे महत्त्व ह्या फरकावरून स्पष्ट होते.